ट्रान्स फॅट (तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणारी चरबी) खाणाऱ्या उंदरांना व्यायाम दिल्यास रक्तातील चरबी कमी होते का?

काही अंशी. व्यायामाने स्नायूंमधील लायपोप्रोटीन लायपेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया वाढते आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी इंधन म्हणून वापरली जाते, त्यामुळे तिची पातळी उतरू शकते. एलडीएलवर (‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर) मात्र परिणाम तुलनेने थोडाच होतो. हा निष्कर्ष माणसाला लावताना जपावे, कारण एचडीएलमधील (‘चांगले’) कोलेस्टेरॉल एलडीएलकडे वळवणारे सीईटीपी हे प्रथिन उंदरांत नसते आणि ट्रान्स फॅट माणसात नेमकी त्याचीच क्रिया वाढवते. (हॅमस्टर याबाबतीत माणसाला अधिक जवळचा.) म्हणून सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालून संध्याकाळी वनस्पती तुपातल्या तळणाची भरपाई होईल, असे मला वाटत नाही. भारतात २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे; सुटे वनस्पती तूप घेताना ती पडताळता येत नाही.