पायाचे सिग्नल गेले, हाताचे टिकले: भुलेवर ढकलू नका

भाऊ, तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या धंतोलीतल्या स्कोलिओसिसच्या (वाकड्या कण्याच्या) केसमध्ये कणा सरळ करायचा रॉड फिरवताना दोन्ही पायांचे एमईपी (डोक्यावर झटका देऊन स्नायूत मोजलेले हालचालीचे सिग्नल) गेले, हातांचे जागेवर, एसएसईपीही (हातापायाच्या नसेला झटका देऊन मेंदूपर्यंत मोजलेले संवेदनेचे सिग्नल) ठीक. थोडं थांबून बघायचं की सर्जनला सांगायचं? लगेच सांगायचं, आणि मोठ्यानं.

पायाचे सिग्नल भुलेनं हातापेक्षा लवकर दबतात, हे खरं. पण भुलेचा उतार तासा-दोन तासांत हळूहळू येतो आणि बहुतेकदा व्होल्टेज वाढवलं की सिग्नल परत दिसतो. रॉड फिरवल्याबरोबर गेलेला सिग्नल मज्जारज्जूचाच धरायचा.

एसएसईपी ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातो. हालचालीचे मार्ग पुढच्या दोन-तृतीयांश भागात, पुढच्या धमनीच्या रक्तावर जगणारे. शिवाय एसएसईपी शेकडो झटक्यांची सरासरी असते. सिग्नलची उंची ५० टक्के घटल्याचं किंवा तो पोचायचा वेळ १० टक्के वाढल्याचं दिसेपर्यंत काही मिनिटं जातात.

सांगितल्यावर सर्जन शेवटची पायरी उलटी करतात, ताण सोडतात. त्याच वेळी भूलतज्ज्ञांनी सरासरी बीपी ८५ च्या वर न्यावं, ऑक्सिजन १०० टक्के करावा, हिमोग्लोबिन बघावं. कार्बन डायऑक्साइड कमी ठेवू नये, रक्तवाहिन्या आकसतात. तुम्ही टीओएफ (नसेला चार झटके देऊन स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा, म्हणजे शिथिलकाचा, असर मोजणं) बघा, चारही ठोके यायला हवेत. मग सुया आणि जोडण्या. तापमानही बघा: मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं म्हणून ओटीचा एसी कमालीचा गार ठेवतात आणि बारीक पोरगी तासाभरात थंड पडते.

पुढच्या केसपासून प्रोपोफॉल (भुलेचं औषध) आणि फेंटानिल (वेदनाशामक) शिरेतूनच चालवायला सांगा. नायट्रस (भुलेचा वायू) नको, आणि श्वासाची नळी घातल्यानंतर शिथिलक पुन्हा नाही. पालथं केल्यावर, चीर देण्याआधी बेसलाइन (तुलनेसाठी सुरुवातीचे सिग्नल) घ्या. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये मऊ गॉझची गुंडाळी हवी आणि पालथं केल्यावर ती परत तपासायची. एमईपीच्या झटक्यानं जबडा आवळतो आणि जीभ चावली जाते.

ताण सोडूनही सिग्नल आले नाहीत तर वेक-अप टेस्ट, म्हणजे भूल हलकी करून पेशंटला हातपाय हलवायला सांगणं. आधी "हात दाब", मग "पाय हलव". याची तालीम आदल्या दिवशी वॉर्डात करून घ्या, आणि पोरगी बालाघाट-छिंदवाड्याकडची असेल तर हिंदीतून.