प्रार्थना करावीशी वाटत नाही, म्हणजे माझा विश्वास संपला का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, त्याच वर्षी आई गेली आणि आता स्वतःचं दुखणं मागे लागलंय. उपासनेला जाता, पण गाताना तोंड उघडत नाही. मंडळीतले लोक खांद्यावर हात ठेवून सांगतात, 'देव झेपेल तेवढंच ओझं देतो.' अशात ख्रिस्ती विश्वासात टिकून कसं राहायचं आणि प्रार्थना करावीशीच वाटत नाही म्हणजे विश्वास संपला का, असा तुमचा प्रश्न.

संपलेला नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण ते 'झेपेल तेवढंच' वाचून मी जेवता जेवता उठलो, कारण ते वाक्य आमच्या घरात तीन वर्षं मुक्कामाला होतं.

माझ्या पत्नीला स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. बाई संडे स्कूल शिकवणारी. वीस वर्षं मुलांकडून वचनं पाठ करून घेतलेली, त्यामुळे शास्त्र तिच्या जिभेवर होतं आणि नेमकी जीभच गेली. शेवटच्या वर्षी आमच्याकडे अक्षरांचा एक तक्ता होता. मी अक्षरांवरून बोट फिरवायचो, हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. एक वाक्य व्हायला दहा मिनिटं लागायची. अशा वेळी माणूस फालतू बोलत नाही.

माझा मोठा भाऊ मंडळीत एल्डर, म्हणजे वडीलधारा पुढारी आहे. तो रोज यायचा आणि आला की बायबलमधलं 91वं स्तोत्र वाचायचा. तुझ्या बाजूस हजार पडतील, पण तुला काही होणार नाही, हे ते स्तोत्र. खणखणीत आवाजात, एकेक शब्द तोलून. एका रात्री वाचून झाल्यावर तिने तक्त्याकडे नजर टाकली. मी बोट फिरवायला लागलो. स. त. न. काना-मात्रा आम्ही गाळायचो, अंदाजाने लावायचो. दादाने ते मोठ्याने जुळवलं, 'सैतान?' आणि त्याचा चेहराच उतरला. तिला खोलीत काहीतरी दिसतंय असं समजून तो ताडकन उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि येशूच्या नावाने सैतानाला घालवायला लागला. चांगली पाच मिनिटं. ती त्याच्या हाताखाली डोळे मिटत-उघडत होती, म्हणजे तक्ता आण, तक्ता आण. मी परत बोट फिरवलं. म. त. य. मग आकडे, चार आणि सहा.

मत्तय 4:6, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, सहावी ओवी. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो, खाली उडी टाक म्हणतो आणि वर शास्त्रवचनही ऐकवतो, देवदूत तुला हातांवर झेलतील. ते वचन 91व्या स्तोत्रातलंच आहे. तिचं म्हणणं एवढंच होतं की भावजी, हे स्तोत्र सैतानालाही पाठ होतं.

मी हसलो. ती हसू शकत नव्हती, पण तिचे डोळे मला कळायचे. दादा हसला नाही. त्याला ते आजही झोंबतं.

नंतर तिने आणखी एक आकडा दिला, दोनदा आठ. मी 88वं स्तोत्र काढलं. मी जन्मापासून ख्रिस्ती, तरी ते नीट वाचलेलं नव्हतं. उपासनेत ते कोण लावणार? 18 ओव्या आहेत. बहुतेक विलाप-स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे आणि तिथेच ते संपतं. पण पहिल्याच ओवीत तो माणूस परमेश्वराला आपल्या तारणाचा देव म्हणतो आणि पुढचा सगळा अंधार त्याच्याच तोंडावर ओततो. त्यानंतर ती जाईपर्यंत रोज रात्री दादाचं 91 झालं की मी 88 वाचायचो. दोघं भाऊ पलंगाच्या दोन बाजूंना, असला प्रकार.

आता 'झेपेल तेवढंच' कडे येतो. लोक ते 1 करिंथ 10:13 वरून, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून उचलतात. तो अध्याय काढून पाहा. पौल तिथे मूर्तिपूजा, जारकर्म यांबद्दल बोलतोय, म्हणजे मोहाबद्दल. मोह कितीही मोठा असला तरी देव सुटायची वाट ठेवतो, एवढंच तो म्हणतो. कर्करोग, कर्ज, मरण हे तुमची ताकद मोजून वाटलं जातं असं तो कुठेही म्हणत नाही. उलट त्याच मंडळीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायाच्या आठव्या ओवीत तो लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर असं संकट आलं की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सुटली. शक्तीपलीकडे! ज्याने पाच वेळा फटके खाल्ले, तीनदा ज्याचं जहाज फुटलं, त्याला झेपलं नाही. तुम्हाला आणि मला झेपलंच पाहिजे हे कोणी ठरवलं?

पत्नी गेल्यावर स्मरणार्थ उपासना होती. दादाने आदल्या दिवशी सांगितलं, तू साक्ष दे, देवाने कशी शांती दिली ते सांग, लोकांना उभारी येईल. मला शांती-बिंती काही मिळालेली नव्हती. मी उभा राहिलो, 88वं स्तोत्र वाचलं आणि खाली बसलो. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, 'लोकांना कसली आशा दिलीस? 10:13 तुला पटत नाही, तर तीन ओव्या वर जा. 10:10, कुरकुर करू नका.'

मुद्दा बिनतोड होता. मला उत्तर सापडायला वर्ष गेलं. अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती कुठे, हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 1:27 मध्ये आहे. आपापल्या तंबूंत. देवाच्या पाठीमागे, एकमेकांत. स्तोत्रकर्ता मात्र तेच, कधीकधी त्याहून वाईट, देवाला तोंडावर सांगतो. सगळं गमावलेला ईयोब तर त्याच्या नावाच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेतात, बोलतात शुद्ध आणि धार्मिक. शेवटी 42व्या अध्यायात देव त्या मित्रांना काय म्हणतो? तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं योग्य बोलला नाहीत. आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात धीराचं उदाहरण म्हणून नाव येतं ते याच भांडखोर माणसाचं. तिथे मूळ ग्रीक शब्द हुपोमोने आहे, म्हणजे ओझ्याखाली थांबून राहणं, तिथून पळ न काढणं. ओझ्याखाली गप्प बसायचं असं त्या शब्दात कुठेच नाही.

हे मी दादाला ऐकवलं. तो म्हणाला, तू शास्त्र आपल्या सोयीने वाचतोस. म्हटलं, आणि तू?

त्यानंतर सात महिने मी प्रार्थना केली नाही. करवत नव्हती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्या काळात मला कशाने धरून ठेवलं ते फार साधं होतं. दर रविवारी त्याच बाकावर जाऊन बसायचो, एवढंच. शेजारी एक वयस्क मावशी बसायच्या. गीत सुरू झालं की गीतांचं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवायच्या, ओळीवर बोट ठेवायच्या आणि स्वतः पाठ म्हणायच्या. कसा आहेस, असं एकदाही विचारलं नाही. ईयोबाच्या मित्रांनी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट हीच, पहिले सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसले. बोलायला लागले तिथून बिघडलं.

आणि प्रभूची प्रार्थना. बाकीचे म्हणायचे, मी नुसता ऐकायचो. एक दिवस लक्षात आलं की त्यात 'मी', 'माझं' असा एकही शब्द नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमची पापं. म्हणजे मी गप्प असलो तरी माझ्या वाटची कोणीतरी म्हणत होतं. हे सुचलं म्हणून काही मला उचंबळून वगैरे आलं नाही. पुढच्या रविवारी शेवटचं 'आमेन' तेवढं म्हणालो.

देव जवळ असल्याचं जाणवणं म्हणजे विश्वास, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रं छापून आली, जी जाळून टाका असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांवरून कळलं की जवळजवळ 50 वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आत देव जाणवतच नव्हता. तरी बाई रोज पहाटे उठून मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जात होती. त्यांचा विश्वास संपला होता म्हणायचं का?

तुम्ही करायचं काय, ते राहिलंच. देवाशी बोलायचं असेल तर गोड बोलू नका. रागात असाल तर रागाचं बोला. शब्द नसतील तर 88वं उसनं घ्या, मोठ्याने वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. वाचून बरं वाटेलच असं नाही. मंडळी सोडू नका, पण 'झेपेल तेवढंच' म्हणणाऱ्याच्या शेजारचा बाक सोडायला हरकत नाही. साक्ष मागितली तर नाही म्हणा.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको असं वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. आणि तुम्ही लिहिलं नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाचं संकट म्हणजे घरात मार खाणं असेल, तर त्याला 'टिकून राहा' लागू नाही. शौल राजाने दावीदावर भाला फेकला तेव्हा दावीद धीर धरून बसला नाही, त्याच रात्री खिडकीतून पळाला.

दादाबद्दल वर जे लिहिलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. शेवटचे 11 महिने रात्री एक ते पाच ही पाळी त्याची होती. तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची, घशातली लाळ ओढून काढावी लागायची. स्वतःची नोकरी सांभाळून त्याने एकही रात्र चुकवली नाही. 91वं वाचणारा तोच आणि चादरी धुणाराही तोच. मी तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलेलो असायचो, म्हणून तर सकाळी वाद घालायला माझ्यात ताकद असायची.

अजूनही नाताळात एकत्र जेवायला बसलो की विषय निघतो. तो 10:13 वर बोट ठेवतो, मी 1:8 उघडतो आणि वहिनी दोन्ही पुस्तकं उचलून आत नेऊन ठेवते.