गाडीची स्वतःची माहिती वाचण्याआधी

गाडीच्या ओबीडी (बिघाड-तपासणीच्या) सॉकेटला लावलेल्या तुमच्या अ‍ॅडाप्टरवर इंजिनाचे फेरे आणि कूलंटचे तापमान दिसते, पण डीपीएफमधील (डिझेलच्या धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधील) काजळी दिसत नाही, यात अ‍ॅडाप्टरचा दोष असेलच असे नाही. पहिल्या दोन गोष्टी ओबीडी मानकातील ०१ या सेवेत (माहिती मागण्याच्या एका ठरलेल्या प्रकारात) येतात आणि त्यांची सूत्रे ठरलेली आहेत. उदाहरणार्थ, ०१०५ पाठवल्यावर ४१ ०५ ७बी असे उत्तर आले, तर हेक्साडेसिमल (१६ च्या पायाच्या) पद्धतीतील ७बी म्हणजे १२३, त्यातून ४० वजा केल्यावर तापमान ८३ अंश सेल्सिअस. काजळीचा आकडा मात्र बहुतेक वेळा २२ या सेवेत, कंपनीने स्वतः ठरवलेल्या दोन बाइटच्या क्रमांकाखाली असतो, आणि त्याचे सूत्रही तिचेच असते.

म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या क्रमांकांची आणि सूत्रांची यादी अ‍ॅपमध्ये जशीच्या तशी भरू नका. चुकीच्या सूत्रानेही आकडा दिसतोच, आणि तो पटण्याजोगा असला की जास्त फसवतो; मी स्वतः आठवडाभर अशाच एका ‘ऑइलच्या तापमानावर’ विश्वास ठेवून गाडी चालवली होती. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ते तापमान कूलंटच्या जवळपास आहे का, एवढे आधी पाहावे.

७एफ २२ ३१ असे उत्तर आल्यास तो क्रमांक त्या ईसीयूला (गाडीतील नियंत्रक संगणकाला) मान्य नाही, असे समजावे. स्वस्त नकली अ‍ॅडाप्टर लांब उत्तरे अर्धवट तोडतात, हेही ध्यानात ठेवा. सुरुवातीला फक्त वाचन करा. लिहिण्याच्या आज्ञांना हात लावू नका.