लेन्स आधी बंद करा, तपासणीची तारीख नंतर ठरवा

शनिवारी वाशीला तपासणी, सोमवारी चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, आणि तोपर्यंत ऐरोलीच्या कार्यालयात कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या तर चालतील का, असे आपण विचारले आहे. नऊ वर्षांपूर्वी ठाण्यात मी अगदी हेच केले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. हा एका रुग्णाचा अनुभव समजावा.

माझ्या मते लेन्स आजच बंद कराव्यात आणि शनिवारची तपासणी पुढे ढकलावी. लेसरने नंबर जातो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात बदलतो तो कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार. प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर त्याचा अतिशय पातळ थर काढतो आणि उणे नंबर असल्यास मधला भाग सपाट करतो. किती आणि कुठे काढायचे, हे तपासणीच्या दिवशी घेतलेल्या मोजमापांवरून ठरते, आणि रोजच्या लेन्समुळे नेमका तोच आकार काही काळ बदललेला असतो.

मी सेमी-सॉफ्ट, म्हणजे सॉफ्टपेक्षा कडक, हवा आत जाऊ देणाऱ्या लेन्स वापरत असे आणि तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या माझ्या डोळ्यांत होत्या. केंद्रात कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनीही उजव्या डोळ्यात सव्वा सिलिंडर, म्हणजे असमान वक्रतेमुळे येणारा नंबर, शिल्लक राहिला. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी लेन्सचे कारण बहुधा खरे असावे असे सांगितले, मात्र खात्रीसाठी त्यांना आधीची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, हवी होती. त्या एका कागदासाठी मी केंद्राच्या तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट फाइलमध्येच राहतो, रुग्णाला देत नाही, एवढेच उत्तर मिळाले. माझ्याच डोळ्यांचे मोजमाप मला नाकारले गेले, याचा संताप आजही गेलेला नाही. आपण तपासणीच्या दिवशीच प्रत मागून घ्यावी आणि ती मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पुन्हा लेसर करून घेणेही शक्य झाले नाही. माझा कॉर्निया मुळात ५०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा. त्यातले सुमारे ११० फ्लॅपमध्ये, म्हणजे लेसरसाठी कापून उचललेल्या वरच्या पातळ थरात गेले आणि उणे सातचा नंबर घालवताना प्रत्येक नंबरामागे साधारण १५ या हिशेबाने १०५ गेले. उरले २८५. फ्लॅपखाली किमान २५० राहावेत असे मानतात, पण अनेक तज्ज्ञ ३०० च्या खाली जात नाहीत आणि माझे डॉक्टर त्यांपैकीच होते. त्यामुळे घोडबंदर रोडवर रात्री गाडी चालवताना मला अजूनही चष्मा लावावा लागतो.

सॉफ्ट लेन्स साधारण एक ते दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट किमान तीन ते चार आठवडे आधी बंद करायला सांगतात. सेमी-सॉफ्ट अनेक वर्षे वापरल्या असतील, तर काही दिवसांच्या अंतराने दोनदा टोपोग्राफी करून दोन्ही जुळतात का, हे पाहण्याचा आग्रह धरावा. एसीत दिवसभर बसत असाल तर अश्रूंची चाचणीही करून घ्यावी, कारण फ्लॅप करताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि डोळ्यांचा कोरडेपणा काही महिने वाढतो.

तारीख बदलल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असे केंद्र म्हणाले, तर ती सोडून द्यावी. आपल्या लेन्स सॉफ्ट आहेत की सेमी-सॉफ्ट आणि किती वर्षांपासून वापरता, हे तपासणीपूर्वी डॉक्टरांना लेखी द्यावे.