लोकसंख्याशास्त्र शिकताय? आधी एवढं पक्कं करा

लोकसंख्या संक्रमणाच्या सिद्धान्ताचे (जन्मदर आणि मृत्युदर जास्तीवरून कमी कसे होत जातात, ते सांगणाऱ्या) टप्पे पाठ करत बसू नका. आधी एक वजाबाकी अंगवळणी पडू द्या: जन्मदर वजा मृत्युदर. दर हजारी ३५ जन्म आणि १५ मृत्यू असतील, तर वाढ वर्षाला २ टक्के. या वेगाने लोकसंख्या साधारण ३५ वर्षांत दुप्पट होते. स्थलांतर सध्या बाजूला ठेवा.

मग क्रम बघा. स्वच्छ पाणी, लसीकरण, पुरेसं अन्न यांमुळे मृत्युदर आधी उतरतो. जन्मदर मागाहून, कारण मुलं जगतील हा भरवसा बसायला आणि मुली शिकायला वेळ लागतो. लोकसंख्या झपाट्याने वाढते ती या मधल्या काळात, आणि तीही मुख्यतः मृत्यू घटल्यामुळे. हे उमगलं की निम्मं काम झालं!

नेहमीच्या दोन चुका:

- मृत्युदर जास्त म्हणजे देश मागास, असं समजणं. जपानचा मृत्युदर बांगलादेशापेक्षा जास्त आहे, कारण तिथे वृद्ध जास्त. आरोग्याची तुलना आयुर्मानावरून करा.
- एकूण प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं) २.१ वर आला की वाढ थांबली, असं मानणं. तरुण पिढी मोठी असेल तर वाढ पुढे काही दशकं चालू राहते. भारतात आज हेच घडतंय.

बाकीची सूत्रं नंतर. आधी स्वीडनचे आकडे घ्या, तिथे १७४९ पासूनच्या नोंदी आहेत. जन्मदर आणि मृत्युदर या दोन्ही रेषा एकाच आलेखावर स्वतः काढा.