एआय एजंट आमचं टूल चुकीचं वापरतो. डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिलिंग सॉफ्टवेअरची सात-आठ टूल्स (एजंटला बोलावता येतील अशी कामं) एमसीपी सर्व्हरमधून, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने, एजंटला दिली आहेत, ८० पानांचं डॉक्युमेंटेशनही आहे, तरी तो भलतंच टूल उचलतो आणि तारखा उलट्या टाकतो.

ती ८० पानं बहुधा त्याच्यासमोर येतच नाहीत. टूल निवडताना एजंटमागच्या भाषा-मॉडेलला मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच दिसतं. नवा माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो, एजंट मात्र बरेचदा अंदाज बांधून पुढे जातो. त्यामुळे त्या शेजाऱ्याने जे सांगितलं असतं, ते वर्णनातच यायला हवं.

‘बिलांचे व्यवस्थापन करते’ असलं वर्णन असून नसल्यासारखं. त्याऐवजी असं लिहा: ‘बिल क्रमांकावरून एकच बिल, त्यातल्या ओळी आणि कर यांसह देते. क्रमांक माहीत नसेल तर आधी बिल_शोधा वापरा. रद्द झालेली बिलं यात येत नाहीत.’ टूल कधी वापरू नये, हे वाक्य बहुतेक जण गाळतात आणि निवड नेमकी तिथेच चुकते. दोन टूल्सची वर्णनं अदलाबदल करूनही खपत असतील, तर ती टूल्स एकत्र करा. वर्णन सुधारून तो घोळ मिटत नाही.

आता पॅरामीटर, म्हणजे टूलला भरून द्यायच्या मूल्यांचे रकाने. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

तारीख: ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? ‘वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३, भारतीय वेळेनुसार’ असं उदाहरणासकट लिहा. ‘२०२५’ हे कॅलेंडर वर्ष की १ एप्रिलपासूनचं आर्थिक वर्ष, तेही सांगा. पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून, हे न सांगितल्यास मॉडेल जानेवारी ते मार्च धरण्याची दाट शक्यता.

रक्कम: नुसतं ‘रक्कम’ नको, पॅरामीटरचं नावच ‘रक्कम_पैशांत’ ठेवा. १,४९९ रुपये म्हणजे १४९९०० आणि मध्ये स्वल्पविराम नाही, हे उदाहरणात दाखवा.

कोड: जीएसटीचा राज्य कोड स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच घ्या. महाराष्ट्राचा २७ कसाही चालेल, पण दिल्लीचा ०७ नंबर म्हणून घेतला की ७ होतो. ठरावीक मोजकीच मूल्यं चालत असतील तर स्कीमात त्यांचा एनम (चालणाऱ्या मूल्यांची यादी) द्या, गद्यात समजावत बसू नका.

वापरणारे मराठीत बोलणार असतील तर शब्दांचा घोळही वर्णनातच सोडवा. ‘चलन’ म्हणजे मालासोबत जाणारं डिलिव्हरी चलन की कर भरल्याचं? ‘पावती’ म्हणजे पैसे मिळाल्याची नोंद की बिल? तुमच्या दुकानात जो अर्थ चालतो तो एका ओळीत लिहा. देवनागरी अंक तर सर्व्हरनेच बदलून घ्यावेत. त्यासाठी एजंटला सूचना कशाला द्यायची?

एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, कारण तो नेमका अडलेल्या क्षणी वाचला जातो. ‘४००, अवैध विनंती’ मिळाली की एजंट तीच चूक वेगवेगळ्या प्रकारे करत राहतो. ‘ग्राहक_आयडीमध्ये नाव आलं आहे. इथे आठ अंकी क्रमांक लागतो, तो ग्राहक_शोधा मधून मिळेल’ असं लिहिलं तर बहुधा पुढच्याच फेरीत सुधारतो. एमसीपीत असा मेसेज टूलच्या निकालातच, चूक झाल्याची इझ-एरर ही खूण ट्रू करून पाठवा. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

निकालाचंही तसंच. रिकामी यादी पाठवू नका, ‘० बिलं सापडली’ म्हणा. परवानगी नसेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर एजंट ‘बिलंच नाहीत’ असं ठामपणे कळवून मोकळा होतो. पहिली ५० बिलं देत असाल तर ‘एकूण ३१२ पैकी ५०’ हेही सोबत जाऊ द्या, नाहीतर बेरीज ५० चीच होते.

पैसे पाठवणारं किंवा काही पुसणारं टूल असेल तर टाइमआउटनंतर (उत्तर वेळेत न आल्यावर) पुन्हा बोलावल्यास काय होतं ते लिहा. दुसऱ्यांदा पैसे जाणार असतील तर आयडेम्पोटन्सी की (विनंतीचा ओळखक्रमांक, तोच पुन्हा आला तर काम दुसऱ्यांदा होत नाही) सक्तीची करा. एमसीपीत ‘हे टूल काही पुसू शकतं’ असं सांगणारी डिस्ट्रक्टिव्ह-हिंट ही खूण आहे, पण नावाप्रमाणे तो नुसता इशारा. खरी अडवणूक सर्व्हरवरच हवी. वर्णनात ‘महत्त्वाचे!!’ दहा ठिकाणी लिहिण्याचा मोहही टाळा, दहाही ओळींचं वजन सारखंच होऊन बसतं.

तपासायचं असं: वापरणाऱ्यांच्या १५-२० खऱ्या मागण्या त्यांच्याच शब्दांत घ्या. कोऱ्या संभाषणात मॉडेलला फक्त टूल्स आणि एकेक मागणी द्या. कोणतं टूल उचललं, कोणती मूल्यं भरली, ते टिपून ठेवा. एका वेळी एकच ओळ बदला आणि सगळ्या मागण्या पुन्हा चालवा, कारण एका टूलचं वर्णन आकर्षक झालं की ते शेजारच्या टूलची कामंही ओढून घेतं. मागण्यांचा हा संच कोडसोबतच रेपोत (कोड साठवण्याच्या जागी) ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर चालवा, म्हणजे पॅरामीटरचं नाव बदलून वर्णन जुनंच राहिलं तर ते रिलीजआधी सापडेल.