हळदीच्या धुळीने नाक चोंदतं, कानात दडे बसतात. घरच्या घरी नस्य (नाकात औषधी तेल-तुपाचे थेंब) आणि कानात तेल चालेल का?

तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहात. सीझनमध्ये रोज सकाळी शिंका, चोंदलेलं नाक, खाजणारे डोळे, उजव्या कानात दडे. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब बरेच महिने चालू आहेत आणि आता सगळं आयुर्वेदाने घरीच करायचं म्हणता. शेवटी जाता जाता लिहिलंय, की आईचा आवाज महिनाभर बसलाय, त्या मिश्री लावतात आणि तुम्ही त्यांना ज्येष्ठमध देताय. मी शालाक्याची, म्हणजे आयुर्वेदातल्या कान-नाक-घसा-डोळ्यांच्या शाखेची वैद्य आहे, सांगलीतच काम करते. मला आधी आईंबद्दल बोलायचंय.

वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल, तर स्वरयंत्र दुर्बिणीने बघितल्याशिवाय कुठलंच औषध देत बसू नये. ज्येष्ठमधाने घसा मऊ पडतो, बरं वाटतं आणि त्यातच दिवस निघून जातात. साधी सूज किंवा गाठही निघेल, पण कॅन्सर नाही हे बघूनच ठरतं. याच आठवड्यात त्यांना सिव्हिलला किंवा मिरजेत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. मिश्री आजच बंद करा. बीपी असेल तर रोजचं ज्येष्ठमध तसंही नको, त्याने बीपी वाढतो.

आता तुमचं. हळद औषधी, मग तिची धूळ कशी बाधेल, असं यार्डातली पुष्कळ मंडळी मला म्हणतात. दुधातली हळद वेगळी आणि पोती उपसताना श्वासात जाणारी धूळ वेगळी. त्या धुळीत माती असते, साल असते, बुरशी असते. सुश्रुताने प्रतिश्यायाची, म्हणजे सर्दीची कारणं सांगताना धूर आणि धूळ ही नावं स्पष्ट घेतली आहेत. आणि शालाक्याचा विषय जिथे सुरू होतो त्या उत्तरतंत्राच्या, म्हणजे सुश्रुतसंहितेच्या शेवटच्या भागाच्या, पहिल्याच अध्यायात तो म्हणतो, की थोडक्यात चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, आजाराचं कारण टाळणं. म्हणून तुमचं पहिलं औषध एन-९५ मास्क. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. घरी आलात की आधी हात-तोंड धुवा, कपडे बदला, मग नाक मिठाच्या पाण्याने धुवा. पेलाभर पाण्याला पाव चमचा मीठ पुरे, पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. थेट नळाचं किंवा बोअरचं पाणी नाकात घालू नका.

ते थेंब मात्र सोडावे लागतील. पाच दिवसांच्या पुढे गेलं की तेच थेंब नाक चोंदवायला लागतात, मग माणूस आणखी घालतो. एकदम सुटत नसतील तर डॉक्टरांना विचारून एकेका नाकपुडीने सोडा. तज्ज्ञांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो वेगळा, त्याची अशी सवय लागत नाही. नस्य सुरू केलं म्हणून तो परस्पर बंद करू नका.

नस्याला माझी ना नाही, उलट मी ते आवर्जून देते. घरी करायचं ते प्रतिमर्श नस्य: प्रत्येक नाकपुडीत अणुतैलाचे किंवा गाईच्या तुपाचे दोन थेंब, कोमट करून. घशात उतरलेलं गिळायचं नाही, थुंकायचं आणि कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. अणुतैल तिळाच्या तेलावर दहा वेळा पाक करून, म्हणजे औषधांबरोबर उकळून आटवून होतं, शेवटचा पाक शेळीच्या दुधाचा. चरकाने ते प्रावृट् (पावसाळ्याची सुरुवात), शरद आणि वसंतात, आभाळ निरभ्र असताना घ्यायला सांगितलंय. तुमचा हळदीचा सीझन नेमका वसंतात येतो. मात्र ताजी सर्दी, ताप असताना किंवा जेवण, अंघोळ झाल्या झाल्या नस्य नको. रात्री नाकात तेल ओतून आडवं होणं तर अजिबात नको, कारण ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दम लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल तर घरी काहीच सुरू न करता आधी तपासून घ्या. सहा-आठ थेंबांचं मर्श नस्य, आधी स्नेहन-स्वेदन (तेल चोळून शेक) करून, वैद्यासमोरच. नस्याने ॲलर्जी मुळासकट जाते असं मी कुणालाच सांगत नाही. नाकाचा कोरडेपणा आणि सकाळच्या शिंका कमी झाल्याचं मात्र माझे बरेच रुग्ण सांगतात.

कानात तेल? आत्ता नको. दडे बहुतेक नाकामुळेच बसत असतील, कारण नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी सुजते, आणि तिथे वरून घातलेलं तेल पोचत नाही. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा आत बुरशी असेल, तर तेलाने दुखणं वाढतं. कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरणं, मीही करते, पण कानात बघून पडदा शाबूत आहे याची खात्री झाल्यावरच. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वैद्याकडेही येऊ नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. उपचाराला उशीर झाला तर गेलेलं ऐकू येणं परत मिळणं अवघड होतं.

डोळे चोळू नका. सतत चोळून बुबुळाचा आकार बिघडतो. स्वच्छ थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. मध, एरंडेल, घरी उकळलेला त्रिफळ्याचा काढा, यातलं काही डोळ्यात घालू नका. नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्यांवर औषधी तूप धरणं, चांगलं, पण लाली आणि पाणी थांबल्यावर.

वैद्य निवडताना शालाक्यतंत्रात एम. एस. केलेला, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंद असलेला बघा. कानात न बघता तेलाची बाटली हातात देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.